पटाची मोटारसायकल

गाडी आमच्या गॅरेजात आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, भाताच्या तणसावर आडवी पडून. ती घेऊन येणाऱ्या माणसाचा मला त्याच घडीला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "बाई, दुसऱ्याचीही बाजू बघावी" असं शहाणपण शिकवायला नको. दुसऱ्याची बाजू मी रॉकेलमध्ये कोपरापर्यंत हात बुडवून पाहिली आहे.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. सालेकशाहून आमगावकडे जाणाऱ्या सडकेवर आमचं टिनाचं गॅरेज होतं. खरं म्हणजे बाबांचं. मी दुर्गहून नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा बाबांच्या हातांना कापरं सुटलं होतं. चहाची बशी धरली तरी वाजायची, तिथं पाना काय धरणार? मग ते खाटेवर बसून शिव्या द्यायचे आणि त्या शिव्यांच्या धोरणानं मी नट फिरवायची. मी काम शिकले ते असं. लोक आधी मला बघायला यायचे, गाडी घेऊन नंतर. बाईमाणूस इंजिन खोलते याचं त्यांना कोण अप्रूप! मी कोणाशी गोड बोलत नसे. गोड बोलून एका घरात पाच वर्षं काढली होती, तेवढं आयुष्याला पुरे होतं.

ट्रॅक्टरवरून उतरले ते धाकटे पाटील. शेजारच्या गावचे, मोठ्या भातशेतीचे धनी. त्यांचे वडील, म्हणजे मोठे पाटील, मागच्या उन्हाळ्यात वारले होते. ट्रॅक्टर आल्यावर बैल गेले, बैल गेल्यावर गोठा पाडायला काढला, आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीशी तणसाच्या ढिगाखाली ही मोटारसायकल निघाली. धाकटे पाटील अगदी मऊ आवाजात बोलायचे. मऊ आवाजाच्या माणसांची मला भीती वाटते आणि भीती वाटली की मला संताप येतो.

"ताई, मिस्त्रीले दाखवाले आनली," ते म्हणाले. "आमच्या बाबाजींची रेसची गाडी हाय. कोन्या कंपनीची हाय तेवढं पाहून सांगा ना जी."

मी पाहिलं. हेडलाइट नाही, मीटर नाही, पुढचा ब्रेक नाही, किकसुद्धा नाही. टाकी एवढीशी, कुठल्याशा मोपेडची असावी तशी. कंपनीचं नाव कुठंच नव्हतं आणि इंजिनावरचा नंबर कानशीनं घासून काढलेला. अंगावर तेल, धूळ आणि लाल हिंगुळाचा बोटभर थर, हँडलची दोन्ही टोकं तर रंगानं नुसती माखलेली. जिथं म्हणून लोखंड हलकं करता येईल तिथं भोकं पाडली होती. गाडी कुठली ते मला कळेना, पण ती बाजारहाटाला जायला बनवलेली नव्हती, एवढं आंधळ्यालाही कळलं असतं.

बाबा खाटेवरून उठले. जवळ आले, इंजिनावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

"भंगार हाय," ते म्हणाले. "कबाडीले देऊन टाका." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवडाभर पंक्चर सोडून दुसरं काम आलं नव्हतं आणि हा माणूस दारात आलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर कडी लावतो! मी पाटलांना म्हटलं, "ठेवून जा. मी पाहते." बाबांवर सूड उगवायचा म्हणून मी ती गाडी ठेवून घेतली. तिच्याशी माझं नातं सुरू झालं ते असं.

पाटलांनाही आमचा भरवसा नव्हताच. चार-आठ दिवसांनी ते नागपूरहून एका माणसाला घेऊन आले. जुन्या गाड्यांचा शौकीन म्हणे. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा. त्यानं माझ्याकडे पाहून "पानी मिलेगा?" एवढं एकच वाक्य टाकलं आणि पुढचं सगळं बोलणं पाटलांशी केलं. गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, फोटो काढले, बोल्टांच्या डोक्यात पाडलेली बारीक भोकं दाखवली. रेसमध्ये बोल्ट सुटू नयेत म्हणून त्या भोकांतून तार ओवतात, हे मात्र त्यानं बरोबर सांगितलं. मग म्हणाला, "पाटीलसाब, ये इंपोर्टेड मशीन है. इंडिया में ऐसा काम होता ही नहीं था." पाटलांची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण सुटतं की काय असं मला वाटलं.

मी तोवर हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा, एक नट सैल करत होते. नट निघाला, त्याखालचं वॉशर निघालं. रॉकेलमध्ये धुतलं तर पितळी कमळ वर आलं. जुनं वीस पैशांचं नाणं, मधोमध भोक पाडलेलं.

ते नाणं मला ओळखीचं होतं. पितळेचं चांगलं वॉशर आमच्याकडे कधी मिळायचं नाही, म्हणून बाबा कमळाची नाणी भोकं पाडून वापरायचे. आमच्या पेटीत अजून दोन-चार पडलेली होती. मी ते नाणं नागपूरवाल्याच्या नाकासमोर धरलं. "इंपोर्टेड का?"

तो हसला. वाईटही वाटून घेतलं नाही त्यानं. "बाद में किसी गाँव के मिस्त्री ने खोला होगा," म्हणाला, "और अपना जुगाड़ ठोक दिया होगा." पाटलांनी मान डोलावली. त्याचं म्हणणं अशक्य नव्हतं. नाणं कोणाचं ते मला माहीत होतं. अख्खी गाडी कोणाची हे एकच माणूस सांगू शकत होता आणि तो आत कडी लावून बसला होता.

ते गेल्यावर मी दार बडवलं. आईच्या माघारी आमच्या घरात दोघंच भांडायला उरलो होतो, त्यामुळे भांडण मन लावून व्हायचं.

"तुमी बनवली ना ही गाडी?"

"नाही."

"हे वॉशर कोनाचं मंग?"

"सरकारचं. त्याच्यावर लिहून हाय."

"बाबा, तो नागपूरचा भैताड तुमच्या कामाले इंपोर्टेड म्हनून राहिला, आन् तुमी हाताची घडी घालून बसता? बोलत काऊन नाही?"

त्यांनी कडी काढली आणि परत जाऊन बसले. मग जे सुटले ते थांबेनात. बाबा मोठ्यानं बोलायला लागले की त्यांचे हात जास्त कापायचे, म्हणून त्यांनी ते मांड्यांखाली दाबून धरले होते.

एशियाडच्या साली, ब्याऐंशीत, मोठ्या पाटलांची बैलजोडी पटात हरली होती. पट म्हणजे शंकरपट, आमच्या झाडीपट्टीतली बैलांची शर्यत. हिवाळ्यात धानाची कापणी झाली की गावोगाव भरतो. त्या हारीनं पाटलांना झोप येईना. पुढच्या पटात बैल धावून झाल्यावर मोटारसायकलींचीही रेस ठेवली आहे असं कळलं आणि ते आमच्या गॅरेजात आले. बाबांनी तीन जुन्या गाड्या कापून एक केली. पटाची धाव सरळ आणि छोटी असते, वळण नाही, ब्रेकचं काम नाही, सुटल्याबरोबर उसळली पाहिजे. म्हणून मागचं चक्र मोठं, टाकी लहान, पुढचा ब्रेक काढून टाकलेला. सिलिंडरची आतली दारं, धूर ये-जा करायची ती भोकं, कानशीनं घासून मोठी केलेली. आणि चालवायला पाटलांना बाबांएवढा हलका माणूस मिळाला नाही, म्हणून चालवलीही बाबांनीच.

"पहिला आलो मी," बाबा म्हणाले. "मांगचा गडी धुरात दिसत नव्हता. मंग माइकवर पुकारलं. पाटलाचं नाव, पाटलाचं गाव. पाटील इष्टेजवर चढला, हार घातला, नारळ घेतला. मी माइकवाल्याले म्हटलं, माहंही नाव घे ना बापा. तो म्हने, धुरकऱ्याचं नाव कोनी घेते का?"

धुरकरी म्हणजे पटात जोडी हाकणारा माणूस. जीव त्याचा जातो, हाडं त्याची मोडतात, पण पुकारा होतो तो जोडीच्या मालकाचा. आजतागायत कोणालाही त्यात काही वावगं वाटलेलं नाही.

"मंग गाडीले वाजत गाजत पाटलाच्या घरी नेलं," बाबा म्हणाले. "आंगनात घेतलं. बायांनी ओवारलं तिले. मी फाटकाच्या बाहेर उभा. आपल्याले कोन आंगनात घेते? जेवन बाहेर आनून दिलं. मी पत्रावळ ठेवून निंगून आलो. त्या दिवसापासून पटावर पाय नाही ठेवला."

"मंग सांगत काऊन नाही, माही गाडी हाय म्हनून?"

"ज्याचं नाव पुकारलं त्याची गाडी. मी कायले माही म्हनू? भीक मागू का नावाची?"

हे त्यांचं तर्कशास्त्र. पंचवीस वर्षं उराशी धरून बसले होते. मला त्यांचाही राग आला, पाटलांचाही आला आणि त्या माइकवाल्याचाही आला. त्या रात्री मी ठरवलं की ज्या मैदानावर ते नाव घ्यायचं राहिलं, त्याच मैदानावर ते घेतलं गेलं पाहिजे. बाबांना नको असेल तर नसो. मला हवं होतं.

पाटील परत आले तेव्हा मी अट घातली. गाडी मी उभी करून देते, पहिल्यासारखी पळेल अशी. पण येत्या पटावर ती सुटेल तेव्हा माइकवरून सांगायचं, की बनवली कोणी आणि चालवली कोणी. नाव घेऊन सांगायचं.

"हो ना जी, घेऊ ना नाव," पाटील लगेच म्हणाले. "त्यात काय मोठं!"

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची हवा होती आणि त्यांना बापाचा जुना पराक्रम गावापुढे मिरवायचा होता. त्यासाठी ते कशालाही हो म्हणाले असते. इतक्या पटकन हो म्हणणारा माणूस खरं तर ऐकतच नसतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. बाबांना तेव्हाच कळलं. "भैताड पोट्टी," एवढंच म्हणाले आणि खाट वळवून, गाडीकडे पाठ करून बसले.

मी हेड उघडलं तर आत पिवळं लोणी. खरंच लोणी म्हणावं असं, घट्ट गोठलेलं, वर दाणेदार. हुंगलं तर मोहाच्या बियांचं तेल. मी पाटलांना विचारलं तेव्हा त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. मोठ्या पाटलांनी म्हणे ती गाडी जन्मभर बैल म्हणूनच सांभाळली. पटात जिंकून आलेला बैल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे कोमट तेल-हळदीनं शेकतात, तसे ते पळसाच्या पानानं हिच्या हँडलखालचे दांडे शेकायचे. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं बैलाला म्हणतात तसं हिला म्हणायचे. पोळ्याला हँडलला शिंगांसारखा हिंगूळ लावायचा. आणि बैलाला तेल पाजायच्या बांबूच्या नळकांड्यानं प्लगच्या भोकातून वाटीभर मोहाचं तेल आत ओतायचे. दरवर्षी. गाडी मात्र परत कधी चालवली नाही.

मी वैतागून ते लोणी काढायला बसले. खरवडून, पुसून, धुऊन आत पाहिलं तर गंजाचा ठिपका नाही. एवढी वर्षं गोठ्यात, शेणामुतात पडलेलं इंजिन, आणि दट्ट्या हातानं दाबला तर खाली सरकला. पाटलांच्या डोळ्यांत पाणी आलं. "भक्ती होती बाबाजींची," ते म्हणाले.

पाठमोऱ्या खाटेवरून बाबांचा आवाज आला. "बैल समजून गाडीले तेल पाजलं तुमच्या बापानं. मानूस समजून मले पानी नाही पाजलं."

पाटलांनी ऐकलं नाही असं दाखवलं. त्यात त्यांचा हातखंडा होता.

पण त्या दिवशी बाबांची खाट फिरली. सिलिंडर मी पाटावर ठेवलं होतं आणि आत बोट घालून पाहत होते. घासलेल्या दारांच्या कडांना कानशीच्या रेघा लागत होत्या, सगळ्या एकाच अंगाला कललेल्या. बाबा डावखुरे. त्या रेघा उजव्या हाताच्या माणसाला ओढताच आल्या नसत्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा, न कापणारा हात माझ्या बोटाखाली होता. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा वेगळा राग आला. वर पाहिलं तर बाबा माझ्याकडे बघत होते.

"बोट काय फिरवून राहिली? दात घास त्याचे," ते ओरडले. "आन् हेड उलटं ठेवलं तू, डोरे फुटले का?"

तिथून पुढे सगळा हिवाळा नुसता आरडाओरडा. सायलेन्सर सडून गेला होता. पोट फुगलेला, दोन्हीकडे निमुळता तो सायलेन्सर बाबांनी मुळात रॉकेलच्या पिंपाच्या पत्र्याचा बनवला होता. आता तो मी बनवायचा. मी तीनदा ठोकला, तिन्ही वेळा बाबांनी तो लाथेनं सडकेवर उडवला. चौथ्यांदा मी त्यांच्या अंगावर फेकला. पाचवा तेवढा बरोबर बसला. पण आमच्यात प्रेमाबिमाचं काही बोलणं झालं असं कोणी समजू नये. बाबा मला गाढवी म्हणायचे आणि मी त्यांना म्हातारं खोंड.

मग टाकी आली. ती पाटलांनी परस्पर गोंदियाला नेऊन रंगवून आणली होती. लालभडक, चकचकीत, आणि वर सोनेरी अक्षरांत मोठ्या पाटलांचं संपूर्ण नाव, खाली 'पटविजेते'.

"हे काऊन लिहिलं?" मी विचारलं.

"आठवन म्हनून, ताई. बाबाजींची आठवन."

"आन् ठरलं होतं ते?"

"ते माइकवर घेऊ ना जी."

बाबांनी टाकी मागितली. कापऱ्या बोटानं एकेक अक्षर चाचपत त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. "बरोबर हाय," म्हणाले. "कुठं काना-मात्रा चुकला नाही." त्यांनी हसून टाकी परत दिली, आणि मला वाटलं ती टाकी सडकेवर टाकून तिच्यावरून ट्रक जाऊ द्यावा. पण मी ती बसवली. नाव घ्यायचं ठरलं होतं. मी अजून त्या शब्दाला धरून होते.

पटाच्या दिवशी बाबा येणार नाहीत असंच म्हणाले. मी टेम्पोत गाडी घालून एकटी गेले. मैदानावर तुफान गर्दी. बैलांच्या धावा दुपारपर्यंत चालल्या, जोडी सुटली की धुळीत काही दिसायचं नाही, फक्त माइकवरचा पुकारा ऐकू यायचा, मालकाचं नाव आणि गाव. बाजूला रात्रीच्या नाटकाचा मंडप उभा राहत होता. जोड्या संपल्यावर पाटलांनी मला खूण केली.

मी पेट्रोलमध्ये एरंडीचं तेल मिसळलं होतं, बाबांनी सांगितलं होतं तसं. दोघांनी ढकललं, मी उडी मारून बसले आणि क्लच सोडला. पहिल्या भडक्यातच तिनं पकडलं. लोकांनी कानावर हात ठेवले. मी धावेच्या तोंडाशी जाऊन वळले, झेंडी पडली आणि ती अशी उसळली की माझे खांदे उखडले असं वाटलं. डोळ्यांत धूळ, नाकात एरंडीचा वास, आणि मी मोठमोठ्यानं शिव्या देत होते, कोणाला ते देव जाणे. आयुष्यात इतका आनंद मला कुठल्याच सभ्य गोष्टीनं दिलेला नाही.

पलीकडच्या टोकाला थांबले आणि कान टवकारले. माइकवाला पुकारत होता. मोठ्या पाटलांचं नाव, त्यांचं गाव. मग धाकट्या पाटलांचं नाव. पटाची परंपरा, घराण्याची शान. टाळ्या. मग पुढचा कार्यक्रम.

मी गाडी तशीच वळवून स्टेजपर्यंत आणली. पाटील हार घालून खाली उतरत होते.

"नाव घेतलं नाही तुमी."

"अवो ताई, रागावू नका," ते म्हणाले, त्याच मऊ आवाजात. "पटाचा रिवाज हाय. नाव मालकाचं. मिस्त्रीचं घेतलं तं उद्या हरेक धुरकरी उभा राहीन, माहं घ्या म्हनून. मिस्त्रीसाठी शाल आनली ना मी. तुमीच घेऊन जा."

"इकडे आना शाल," मागून कोणीतरी म्हणालं.

बाबा होते. खांद्यावर थैली. कधी आले, कोणाच्या गाडीवर बसून आले, मला ठाऊक नाही. पाटलांनी पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर शाल घातली. बाबांनी ती काढली आणि गाडीशेजारी जमिनीवर पसरली. थैली उघडली. आत पाने होते.

"हेड खोल," ते मला म्हणाले.

मी पाना घेऊन खाली बसले. इंजिन तापलेलं होतं, बोटं भाजत होती. लोक गोळा व्हायला लागले. पाटील म्हणाले, "मिस्त्री, हे काय करून राहिले?"

"नाव मालकाचं, हा पटाचा रिवाज," बाबा म्हणाले. "कबूल हाय. बैल तुमचा. पन दावं माहं."

आमच्या भागात बैल विकला तरी दावं विकत नाहीत. बाजारात सौदा झाला की विकणारा बैलाच्या गळ्यातलं आपलं दावं सोडून घरी नेतो. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. ते मैदान बैलवाल्यांनी भरलेलं होतं, त्यांना हे समजावून सांगायची गरज नव्हती.

"अवो, हे मोटारसायकल हाय," पाटील म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "बैल थोडीच हाय!"

"मंग पुकारा बैलासारखा काऊन केला?"

गर्दीत कोणीतरी हसलं. एक म्हातारा धोतरवाला म्हणाला, "बरोबर बोलून राहिला बुढा. दावं देत नसतात." दुसऱ्यानं री ओढली. पाटलांनी आजूबाजूला पाहिलं. ही सगळी मतं होती. ते एक पाऊल मागे सरले. मी हेड काढलं, सायलेन्सर सोडवला, सिलिंडर वर ओढून घेतलं. बाबांनी सायलेन्सर आणि सिलिंडर, आमच्या हातचे ते दोन्ही तेलकट, चटके देणारे तुकडे पाटलांच्या शालीत बांधले. गाडीच्या मधोमध नुसती दट्ट्याची दांडी उभी राहिली.

त्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोनाचं दावं हाय जी? नाव तं सांगा."

बाबा उभे राहिले. त्यांनी आपलं नाव सांगितलं. आपलं, बापाचं आणि आडनाव, तिन्ही. माइक नव्हता आणि आवाज फाटका होता, पण आजूबाजूच्यांनी ऐकलं. माझ्या नशिबी जो पुकारा होता तो एवढाच. मी खोटं बोलणार नाही, मला तो पुरला नाही.

नंतर पाटलांनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा बाबांनी एकच सांगितलं, नाव पुकारा आणि घेऊन जा. पाटील निवडून आले. गाडी त्यांच्या बैठकीत उभी आहे, मधल्या खळग्यावर रुमाल घातलेला, असं ऐकते. काही वर्षांनी बाबा गेले. बौद्ध पद्धतीनं सगळं केलं, पाटील माणसांत येऊन बसले, हात जोडले, मी पाणीही विचारलं नाही.

मागच्या पोळ्याच्या आधी ते स्वतः आले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"ताई, आता तं मिस्त्रीही नाही राहिले. देऊन टाका ना. तिले पूर्न पाहाची इच्छा हाय."

"पटावर पुकारा. मंग न्या."

"पट बंद हाय ना जी. बैलांच्या शर्यतीवर बंदी आली. कुठं पुकारू?"

"माइक नसला तं तोंड हाय ना?" मी म्हटलं. "इथंच सडकेवर उभे राहा आन् घ्या नाव. तीन शब्द हायेत. मी आतून सिलिंडर आनते."

मी खरंच आत गेले, शालीतलं गाठोडं घेऊन बाहेर आले आणि त्यांच्यासमोर ठेवलं. पाटलांनी सडकेकडे पाहिलं. तिकडून रानभाजीच्या टोपल्या घेतलेल्या दोन बाया येत होत्या, बाकी चिटपाखरू नव्हतं. त्यांनी ओठ ओले केले. बाया जवळ आल्या, पाटलांना ओळखून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पुढे गेल्या. मग आमगावची एसटी आली, थांबली, माणसं उतरवून निघून गेली. पाटील तोंड मिटून उभे होते.

"नंतर येतो, ताई," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.